येर्बा माते, 'मातेइन' आणि उडालेली झोप : मदत हवी आहे

मंडळी,
कॉफीने छातीत धडधडायचं म्हणून दीड महिन्यापूर्वी ती सोडून येर्बा माते (दक्षिण अमेरिकेतलं, सुक्या पाल्याचं चहासारखं पेय) सुरू केलं. पाकिटावर लिहिलं होतं की यात कॅफीन नसून 'मातेइन' असतं, तरतरी येते पण धडधड होत नाही. आठ-दहा दिवस छान गेले. आता रात्री दोन वाजले तरी डोळा लागत नाही, आणि धडधड परत हजर!

माझी पद्धत अशी : भोपळ्याच्या पेल्यात अर्ध्याहून जास्त पाला, त्यात गाळणीवाली धातूची नळी, थर्मासमधलं कडकडीत पाणी थोडं थोडं ओतत संध्याकाळी सातपर्यंत घुटके. दिवसाला पेला एकच, म्हणून मला वाटत होतं की कमीच घेतेय.

मातेइन खरंच वेगळं असतं का? लोहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यात याची काही आडकाठी? 'सोडून दे' हे घरच्यांनी सांगून झालंय, ते सोडून बोला. ती कडू, धुरकट चव फार आवडलीये.

प्रतिसाद १
मातेइन म्हणजे कॅफीनच हो, फक्त नाव निराळं. झाड हॉलीच्या (ख्रिसमसच्या सजावटीतलं काटेरी पानांचं झुडूप) कुळातलं, चहाशी नातं नाही, पण रेणू तोच. सोबत थोडं थिओब्रोमीन, कोकोत असतं ते.

आता पाला तोला. सुक्या पाल्यात साधारण १ टक्का कॅफीन धरलं तरी ५० ग्रॅममध्ये ५०० मिलिग्रॅम होतं, आणि दिवसभर पाणी ओतत राहिल्यावर त्यातलं बरंचसं उतरतं. निरोगी प्रौढांसाठी दिवसाची मर्यादा ४०० सांगतात, गरोदरपणी २००. शिवाय घेतलेल्यातलं निम्मं कॅफीन सुमारे पाच तासांनीही अंगात असतं. सातचा घुटका बाराला जागा ठेवणारच.

लोहाची गोळी आणि माते यांत दोनेक तासांचं अंतर ठेवा, त्यातली पॉलिफेनॉल्स (वनस्पतींतली तुरट द्रव्यं) लोह नीट शोषू देत नाहीत. धडधड मात्र डॉक्टरांना दाखवाच.

आणि ते 'कडकडीत' खटकलं. ६५ अंशांवरची पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ साली म्हटलंय. दोष तापमानाचा, पण धुरावर वाळवलेल्या पाल्यात धुरातली घातक द्रव्यंही उतरतात. बिनधुराचा पाला मिळतो. पॅराग्वेत तर गार पाण्यातही पितात, तेरेरे म्हणतात त्याला.

प्रतिसाद २
अर्जेंटिनात तो पेला चारचौघांत फिरतो. एकजण पाणी ओतून देतो, ज्याला पुरे झालं तो 'ग्रासियास' (धन्यवाद) म्हणतो. तुम्ही अख्ख्या बैठकीचं एकट्या पिताय!

धागाकर्ती
आत्ताच काट्यावर तोलला. ४८ ग्रॅम. :(
उद्यापासून एकदम १५ वर आणलं तर डोकं धरेल का?

प्रतिसाद १
धरू शकतं. दर दोन-तीन दिवसांनी थोडा थोडा कमी करा. दुपारनंतरचं पिणं मात्र आजच थांबवा.