पहिली-दुसरीच्या वर्गात पडदा की पुस्तक? आपले अनुभव लिहावेत

माझा मुलगा नाशिकमध्ये पहिलीत आहे. त्याच्या वर्गात डिजिटल बोर्ड आला आणि गोष्टींच्या पुस्तकांचे कपाट, पुस्तके फाटतात म्हणून, कुलूपबंद झाले. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंत गाठायचे आहे. त्यात या बोर्डाचा उपयोग किती, हे ज्यांच्या डोळ्यांदेखत मुले वाचायला शिकली त्यांच्याकडून ऐकायचे आहे. घरी मोबाईल किती द्यावा, हा न संपणारा विषय कृपया येथे आणू नये.

शिक्षिका, पेठ तालुका
आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसतात आणि बहुतेक मुलांच्या घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलली जाते. गावाने लोकवर्गणीतून टीव्ही घेऊन दिला तेव्हा सर्वांत जास्त आनंद मलाच झाला होता. आजही मी पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक ॲपवरचे व्हिडिओ दाखवते, कारण ज्याने समुद्र किंवा रेल्वे पाहिलेली नाही त्याला ती हलताना दिसणे ही मोठी गोष्ट आहे. अडचण निराळीच निघाली. व्हिडिओतला आवाज प्रमाण मराठीत न थांबता बोलत राहतो आणि माझी मुले गप्प होतात. तेच बाजाराचे चित्र पुस्तकात उघडले की चार-पाच डोकी त्यावर वाकतात, कोणी कोंबडीवर बोट ठेवून घरातला शब्द उच्चारतो, दुसरा त्याला खोडून काढतो. मी तो शब्द फळ्यावर लिहिते, शेजारी पुस्तकातला लिहिते आणि तेथून वाचन सुरू होते. व्हिडिओ मध्येच थांबवूनही हे साधेल, असे मला प्रशिक्षणात सांगितले गेले, म्हणून तेही करून पाहिले. थांबलेल्या चित्रासमोर मुले ते पुन्हा कधी सुरू होते याचीच वाट पाहत बसतात. पावसाळ्यातल्या विजेविषयी तर लिहीतच नाही.

पालक, गंगापूर रोड
करोनाकाळात मुलगी पहिलीत होती. ऑनलाइन वर्गांसाठीच्या केंद्राच्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचनांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे सांगितली होती आणि तेवढीच होत असल्याने आम्ही निश्चिंत होतो. अक्षरे ती टॅबवर बोटाने गिरवत असे. ठिपके जुळले की चांदणी मिळे. शाळा उघडून वही समोर आली तेव्हा लक्षात आले की ‘क’ची दांडी ती खालून वर ओढते आणि पेन्सिलीवर दाब किती द्यायचा हे तिच्या बोटांना ठाऊकच नाही. वाचनाचेही तेच. पडद्यावर शब्द एकेक करून रंगत जात आणि त्यामागोमाग ती घडाघडा म्हणत असे, पण छापील पानावर ‘मित्र’ या साध्या शब्दाशी अडली. त्यानंतर तीन महिने रोज दहा मिनिटे आम्ही शब्दाखाली बोट ठेवून वाचत होतो. दोष टॅबचा जेवढा, तेवढाच चांदण्या मोजणाऱ्या आम्हा दोघांचा.

आजोबा, नाशिक रोड
नोकरी नोटप्रेसमध्ये झाल्यामुळे कागदाच्या बाबतीत मी पक्षपाती आहे. २०२३-२४ पासून दोन वर्षे दुसरीपासूनची पाठ्यपुस्तके चार भागांत, मध्ये वहीची कोरी पाने घालून मिळत होती. हेतू दप्तराचे ओझे कमी करण्याचा होता. आमच्या नातवाने मात्र त्या पानांवर धड्यातल्या प्राण्यांची पुढची गोष्ट चित्रांतून काढली. ती पाने बंद झाली याचे मला वाईट वाटले.

पालक, सिडको
येथील सूर पाहून लिहावे की नाही, असे झाले होते. माझ्या मुलाची दृष्टी अधू आहे. छापील पुस्तक तो नाकाला टेकवून वाचतो आणि थोड्याच वेळात त्याची मान दुखू लागते. टॅबवर अक्षर चौपट करून, काळ्यावर पिवळे घेऊन, तो वर्गाबरोबर वाचतो. निदान त्याला तरी कोणी पुस्तकाचे माहात्म्य सांगू नये.

वाचक, इंदिरानगर
स्वीडनचा दाखला आता कोणीतरी देईलच, म्हणून मीच देतो. २०२३ मध्ये तेथील सरकारने शाळांतील छापील पुस्तकांसाठी वेगळा निधी दिला, हे खरे आहे. पण तेथे उपकरणे वर्षानुवर्षे वापरून झाल्यानंतरचा तो विचार होता. येथे मूळ प्रश्न कपाटाच्या किल्लीचा दिसतो. धागाकर्त्यांनी शाळेत ती मागितली का?

धागाकर्ता
मागितली. ‘फाटली तर जबाबदार कोण?’ असे उत्तर मिळाले. पेठच्या बाई, आपण यावर काय करता?

शिक्षिका, पेठ तालुका
फाटतातच. पुस्तके आम्ही भिंतीलगतच्या सुतळीवर, मुलांचा हात पोहोचेल अशी टांगतो. शनिवारी सकाळच्या शाळेत पिठाची खळ शिजवून मुले आणि मी पुस्तकांच्या पाठीला जुन्या कापडाच्या पट्ट्या लावतो. एका पुस्तकाचे शेवटचे पान गेल्या वर्षी उंदराने नेले. तेव्हापासून त्या गोष्टीचा शेवट दर वेळी ज्याची वाचायची पाळी असेल तो सांगतो, आणि सुतळीवरून सर्वांत आधी तेच पुस्तक उचलले जाते.