इंग्लंडच्या शाळांत ज्यू धर्म ज्यूंना ओळखू येईल असा का शिकवत नाहीत?

हॅरोची आई

लेक इयर टेनमध्ये (वय चौदा-पंधरा) आहे. जीसीएसई, म्हणजे सोळाव्या वर्षीची इथली शालान्त परीक्षा, तिच्या धर्म-अभ्यासात २०१६ पासून दोन धर्म शिकावे लागतात. तिच्या शाळेने ख्रिस्ती आणि ज्यू हे दोन घेतलेत. तिच्या वह्या आणि पुस्तक मी नीट वाचून काढलं, आणि जे वाचलं ते मला अजिबात पटलेलं नाही.

त्या पुस्तकातल्या ज्यू धर्मात अब्राहम आहे, मोशे आहे, दहा आज्ञा आहेत आणि मशीहाची, म्हणजे देव पाठवील त्या तारणहाराची, वाट बघणारी माणसं आहेत. मग येशू येतो आणि गोष्ट ख्रिस्ती लोकांकडे जाते. ज्यू पुन्हा भेटतात ते इतिहासाच्या तासाला, हिटलरच्या जर्मनीत. मधली अठराशे वर्षं कुठे गेली? इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर पाडलं. बळी, पुरोहित, यात्रा, सगळा डोलारा कोसळला. त्यानंतर रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, प्रार्थना, अध्ययन आणि घरातले आचार यांवर धर्म पुन्हा उभा केला. इ.स. २०० च्या सुमारास मिशना हा त्यांच्या तोंडी नियमांचा संग्रह तयार झाला, पुढे बॅबिलोनमध्ये त्यावरच्या चर्चेचा ग्रंथ, तालमूद. आज ज्यू माणूस जो धर्म पाळतो तो हा, आणि पुस्तकात त्याला मोजून एक परिच्छेद.

याचा परिणाम काय होतो बघा. 'डोळ्याबद्दल डोळा' हे कठोर जुन्या कायद्याचं उदाहरण म्हणून दिलंय आणि लगेच पुढे येशूची क्षमा. पण तालमूदातल्या बावा कम्मा या भागात रब्बींनी या वचनाचा अर्थ पैशातली भरपाई असा स्पष्ट लावला आहे. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे वाक्य तर मुळात तोराहमधलंच (मोशेच्या पाच पुस्तकांतलं), लेवीय १९:१८. हनुक्का हा तुलनेने लहान सण, पण नाताळच्या आसपास येतो म्हणून त्याला दोन पानं. शावुओत हा तोराह मिळाल्याचा सण, त्याला एक ओळ.

आपल्यालाही हा अनुभव आहे. हिंदू धर्माच्या धड्यात ब्रह्मा-विष्णू-महेश ख्रिस्ती ट्रिनिटीच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) साच्यात बसवून शिकवतात, आणि आपल्या घरचा खंडोबा, गौरी, कुळाचार मुलांना कुठेच सापडत नाहीत. तेव्हा आपण तक्रार करतो. मग शेजारच्या ज्यू मुलाच्या बाबतीत गप्प का बसायचं?

बर्मिंगहॅमचा मास्तर

मी हाच विषय शिकवतो, म्हणून स्पष्ट लिहितो. बऱ्याच शाळांत या विषयाला आठवड्याला एक तास मिळतो, आणि तो घ्यायला पुष्कळदा भूगोलाचे किंवा पीटीचे शिक्षक येतात. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांनी आयुष्यात ज्यू माणूस पाहिलेला नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये ज्यू सुमारे २ लाख ७१ हजार, म्हणजे अर्धा टक्का, आणि तेही बहुतांश लंडन आणि मँचेस्टरकडे. या मुलांना आधी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, म्हणजे काय हे कळू दे, बावा कम्मा नंतर बघू.

दुसरं, मशीहा ही काही ख्रिस्ती लोकांनी ज्यूंवर लादलेली कल्पना नाही. बाराव्या शतकात मायमोनिडीस या ज्यू विचारवंताने जी तेरा तत्त्वं सांगितली त्यात मशीहा येणार हे एक तत्त्व आहे. आणि जीसीएसईत ऑर्थोडॉक्स (परंपरावादी) आणि रिफॉर्म (सुधारणावादी) ज्यू यांच्यातले फरक विचारतात. सगळं एका रंगात रंगवलंय हा आरोप अन्यायाचा आहे.

हॅरोची आई

मायमोनिडीसचं बरोबर आहे, तो मुद्दा मला मान्यच आहे. माझा आक्षेप वजनाचा आहे. परीक्षेत प्रत्येक धर्माचे दोन कप्पे: आधी श्रद्धा, मग आचार. ही मांडणी ख्रिस्ती धर्माला चपखल बसते, कारण तिथे क्रीड आहे, कशावर विश्वास ठेवायचा याचं ठाम निवेदन आहे. ज्यू परंपरेत माणूस काय करतो याला फार मोठं स्थान आहे. परंपरेने ६१३ आज्ञा मोजल्या आहेत, त्यांतल्या कितीतरी खाणं, विश्रांती, शेत, कर्ज, मजुरी यांबद्दल आहेत. मरणानंतर काय होतं यावर ज्यूंमध्ये अनेक मतं आहेत आणि त्यावर एकमत हवं असा आग्रहही नाही. तरी मुलं 'ज्यू लोक मृत्यूनंतरच्या जीवनाबद्दल असं मानतात' हे ठराविक वाक्य पाठ करून गुण मिळवतात.

वसईकर

आमची मुलं इथे कॅथलिक शाळेत जातात. २०१६ च्या बदलाच्या वेळी बिशपांनी ठरवलं की कॅथलिक शाळांत दुसरा धर्म ज्यूच असेल. शिकवणारे ख्रिस्ती नजरेने बघतात, हे खरं. पण त्यात लपवाछपवी नाही. येशू ज्यू होता, मरिया ज्यू होती, आमच्या मिस्सामध्ये (चर्चमधल्या उपासनेत) स्तोत्रं आहेत ती त्यांचीच. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने येशूच्या मृत्यूचा ठपका सगळ्या ज्यूंवर ठेवता येणार नाही असं जाहीर केलं. शेकडो वर्षं वेदीवरून जे ऐकवलं गेलं, ते बदलायला चर्चला स्वतःची मुळं ज्यू धर्मात शोधावी लागली. माझ्या मुलाला ज्यूंबद्दल आदर आहे तो याच नजरेतून आलाय. ती नजर सोडा म्हणता, मग तो आदर कुठून आणायचा?

हॅरोची आई

दादा, मुळांबद्दलचा आदर मी नाकारत नाही. पण मुळांचा मान राखताना जिवंत झाड दिसेनासं होतं. पवित्र ग्रंथाचंच घ्या. तुमच्या बायबलमधला जुना करार मलाखीच्या पुस्तकाने संपतो, एलिया संदेष्टा पुन्हा येईल या वचनावर, आणि पान उलटलं की नव्या करारातला मत्तय, म्हणजे येशूची गोष्ट सुरू. ज्यूंच्या तनाख या धर्मग्रंथात जवळपास तीच पुस्तकं आहेत, पण शेवट इतिहासाच्या पुस्तकाने होतो: इराणचा राजा कोरेश म्हणतो, ज्याला जायचं असेल त्याने वर जेरुसलेमला जावं. एक ग्रंथ येणाऱ्या माणसाकडे बोट दाखवतो, दुसरा परत जायच्या गावाकडे. मुलांना हे कळायला पाच मिनिटं लागतील. कुणी ती देत नाही.

आणि सेडर! पेसाख हा मिसरच्या गुलामीतून सुटकेचा सण, आणि सेडर म्हणजे त्या रात्रीचं विधीचं भोजन; शाळेत ते 'करून बघतात'. बेखमीर भाकरी, कडू पाला, द्राक्षाचा रस, आणि शेवटी शिक्षिका सांगते की येशूचं शेवटचं भोजन असंच होतं. आजच्या सेडरचा क्रम मंदिर पडल्यानंतरचा, मिशनाच्या काळात घडलेला. उद्या वर्गात कुणी सत्यनारायणाची पूजा 'करून बघितली' आणि शेवटी तिचा अर्थ दुसऱ्याच धर्मात लावला, तर आपल्याला चालेल का?

बर्मिंगहॅमचा मास्तर

मी वर्गात सेडर मांडतो, आणि मांडत राहणार. येशूचं नाव त्यात घेत नाही. मुलगा ते कडू हॉर्सरॅडिश जिभेवर ठेवतो तेव्हा मिसरची गुलामी त्याच्या लक्षात राहते. पुस्तकाच्या पानाने ते कधी होणार नाही.

मूळची पनवेलकर

बराच वेळ नुसती वाचत होते. मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी, आता लंडनला असते. इथे कुणाला सांगितलं की मी ज्यू आहे आणि घरी मराठी बोलते, तर समोरचा आधी गोंधळतो. पुस्तकातला ज्यू म्हणजे काळी टोपी, काळा कोट, पोलंड किंवा रशियातून आलेले आजोबा. आमचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले, अशी आमची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक शनिवार तेली म्हणत. आडनावं पेणकर, रोहेकर, किहिमकर. मांस आणि दूध एकत्र खायचं नाही हा नियम आम्हीही पाळतो, म्हणून मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध. किद्दुशला, म्हणजे शब्बाथ आणि सणांच्या वाइनवरच्या प्रार्थनेला, वाइन नसेल तेव्हा काळे मनुके भिजवून केलेलं सरबत. पुण्यात १८७४ साली छापलेल्या मराठी हग्गादाच्या (सेडरला वाचतात त्या पुस्तकाच्या) चित्रात बायका साडी नेसून बेखमीर भाकऱ्या करतायत.

आणि मलिदा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळं. नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात आम्ही एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाने मलिदा करतो. इथल्या किती ज्यूंना हे माहीत असेल? म्हणून मास्तरांना आणि हॅरोच्या ताईंना एकच सांगते: 'ज्यूंना ओळखू येईल असा शिकवा' एवढं म्हणून पुरत नाही. कुठल्या ज्यूंना, ते आधी ठरवा.

लीड्सकर

ताई, तुमचा आदर ठेवून, पण तुमच्याच प्रतिसादाने या धाग्याचा मूळ मुद्दा पडतो.

'अस्सल' काय ते समाजाने ठरवायचं म्हटलं, तर ते ठरवतात समाजातले वजनदार लोक. १९९४ मध्ये इंग्लंडात नमुना अभ्यासक्रम तयार झाले तेव्हा धर्मसमाजांच्या प्रतिनिधींना बसवलं होतं. त्यावर टीका झाली ती हीच, की प्रत्येक धर्माचं गुळगुळीत, अधिकृत चित्र तयार झालं आणि घराघरांतला धर्म बाहेर राहिला. आणि तुमच्या समाजाचं काय झालं? १९६२ मध्ये इस्रायलच्या मुख्य रब्बींनी बेने इस्रायलांच्या लग्नाआधी त्यांच्या वंशाची चौकशी करा असा आदेश दिला. त्या साली त्या रब्बींना अभ्यासक्रम लिहायला बसवलं असतं, तर मलिद्याला त्यात जागा मिळाली असती? तटस्थ अभ्यासक बरा. तो निदान कुणाला दाराबाहेर उभं करत नाही.

शिवाय भारतात आज ज्यू जेमतेम काही हजार. प्रत्येक छोट्या गटाला जागा द्यायची तर मुलांच्या हाती धर्म म्हणून काय लागेल?

मूळची पनवेलकर

ते दिवस आमच्या घरच्या मोठ्यांनी सोसलेत, त्यामुळे तुम्ही सांगितलेलं मला नवीन नाही. पण तुम्ही गोष्ट अर्ध्यात सोडलीत. आमचे लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्व बाबतींत ज्यू आहेत असं म्हटलं. हे कुणा तटस्थ अभ्यासकाने केलं नाही. ज्यूंनीच ज्यूंशी भांडून केलं.

आणि भांडण हे आमच्या धर्मात बाहेरचं नाही. हिल्लेल आणि शम्माय या दोन जुन्या गुरूंच्या शाळांचे वाद तालमूदात पानोपानी आहेत. निकाल बहुधा हिल्लेलच्या बाजूने, तरी शम्मायचं मत पुसलेलं नाही. मिशनातच प्रश्न आहे की अल्पमत नोंदवून का ठेवायचं, आणि एक उत्तर असं की पुढच्या एखाद्या न्यायसभेला त्याचा आधार घेता यावा. मुलांना हे शिकवा. एक रब्बी असं म्हणतात, दुसरे तसं, कोकणातल्या बायका तिसरंच करतात, आणि तिघेही ज्यू. हाती काय लागेल विचारता? हेच लागेल.

लीड्सकर

परीक्षेच्या पेपरात 'तिघेही' लिहून गुण मिळत नाहीत. वाद शिकवायलाही आधी पाया लागतो. मी माझ्या मताशी ठाम आहे.

वसईकर

पनवेलकर ताई, वसईला आमच्यातही लग्नाआधीचे, पाण्याचे, हळदीचे विधी आहेत, जे रोमच्या कुठल्या पुस्तकात मिळणार नाहीत. तुमचं म्हणणं मला आतून समजतं. पण मुळाची गोष्ट मी सोडणार नाही.

हॅरोची आई

करायचं काय ते लिहिते. प्रत्येक कौन्सिलमध्ये धर्मशिक्षणाची सल्लागार समिती असते, सेक्रे म्हणतात तिला. चर्च, इतर धर्म, शिक्षक आणि नगरसेवक असे गट त्यात असतात. स्थानिक अभ्यासक्रमाचा दर पाच वर्षांनी आढावा घ्यावाच लागतो. आपले लोक तिथे दिवाळीचा धडा वाढवा म्हणून जातात. ज्यू धर्माच्या धड्यावरही बोलावं असं मला वाटतं, आणि ज्यू प्रतिनिधींच्या सोबतीने.

बर्मिंगहॅमचा मास्तर

जरूर जा, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. जीसीएसईचा पेपर परीक्षा मंडळं काढतात, सेक्रेचा त्यावर ताबा नाही. आणि अकॅडमी शाळांवर (कौन्सिलच्या ताब्याबाहेरच्या, थेट सरकारी पैशावर चालणाऱ्या) स्थानिक अभ्यासक्रम बंधनकारक नसतो.

पनवेलकर ताई, तुम्ही माझ्या इयर नाइनच्या वर्गात याल का? अडचणी दोन. शाळेत काजू-बदाम आणता येत नाहीत. आणि मुलं गाझाबद्दल विचारणार, हे नक्की. ऑक्टोबर २०२३ पासून मी ज्यू धर्माचा एकही तास त्या प्रश्नाशिवाय घेतलेला नाही. काही शिक्षकांनी या भीतीने पाहुणे बोलावणंच बंद केलंय.

मूळची पनवेलकर

येईन. काजू-बदामाऐवजी खजूर आणि बेदाणे घालू. मलिदा मांडून दाखवीन, त्यात काय आणि का ते सांगीन, पण त्यावरची प्रार्थना वर्गात म्हणणार नाही. ती आम्ही नवसाला म्हणतो, नमुना दाखवायला नाही. सेडरबद्दल माझं मत हॅरोच्या ताईंसारखंच आहे, तेही तुमच्यासमोर मुलांना सांगीन.

गाझाबद्दल विचारू दे. मी कुठल्या सरकारची प्रतिनिधी नाही, हे पहिल्यांदा सांगीन. अश्दोदला माझ्या चुलत भावाचं घर आहे, सायरन वाजला की त्याची मुलं जिन्याखाली बसतात, हे सांगीन. गाझातल्या मुलांसाठीही मला रडू येतं, हेही. त्यापलीकडचं उत्तर तुम्ही द्यायचं, कारण शिक्षक तुम्ही आहात.

बर्मिंगहॅमचा मास्तर

मान्य. सेडरवर आपण वर्गातच मुलांसमोर वाद घालू, दोन्ही बाजू ऐकू देत त्यांना. तारखा व्यक्तिगत निरोपात पाठवतो.