फायबर गेलं, तरी राउटर ४जीवर का जात नाही?

रात्रपाळी:
दोन वॅनचा, म्हणजे इंटरनेटच्या दोन लाइन जोडता येणारा राउटर आहे. वॅन १ वर फायबर, वॅन २ वर सिमवाला ४जी मोडेम. फेलओव्हर (एक लाइन गेली की आपोआप दुसरीवर जाणं) चालू करून फायबरची केबल राउटरमधून उपटून पाहिली, पाच सेकंदांत ४जी सुरू. खूश झालो. परवा खरंच लाइन गेली, तेव्हा हा पाऊण तास ढिम्म. शेवटी मीच केबल काढली, मग कुठे सरकला. वॅन १ चा दिवा सगळा वेळ हिरवा! राउटर बदलू का?

जुनी_तार:
राउटर ठणठणीत आहे, चाचणी चुकली. तुम्ही उपटलीत ती राउटर आणि ओएनटी (कंपनीची फायबर घरात जिथे येते तो डबा) यांच्यातली हातभर केबल. फायबर तुटलं बाहेर. ओएनटीला वीज होती, म्हणजे त्याचा इथरनेट पोर्ट जिवंत, म्हणजे राउटरच्या लेखी सगळं आलबेल. लॉसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा लाल दिवा ओएनटीवर पेटला असणार, पण तो राउटरला कसा दिसणार?

सेटिंगमध्ये हेल्थ चेक किंवा पिंग तपासणी (एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघणं) असं काहीतरी सापडेल, ते चालू करा. पिंग गेटवेला, म्हणजे राउटरच्या लगेच पुढच्या टप्प्याला नको. ओएनटीच राउटरचं काम करत असेल तर तो गेटवे घरातच बसलेला असतो, सदैव हजर. १.१.१.१ आणि ८.८.८.८ असे लांबचे दोन पत्ते द्या, दोन्ही गप्प झाले तरच लाइन गेली समजायचं. आणि वॅन १ ची पिंग वॅन १ मधूनच जायला हवी. ती ४जीवरून गेली तर फायबर मेलेलं असतानाही उत्तर येतं, आणि राउटर परत मेलेल्या फायबरकडे धावतो.

माझ्याकडे दर ५ सेकंदांनी पिंग, लागोपाठ ३ चुकल्या की ४जीवर उतरायचं. परत फायबरवर चढायला मात्र सलग १० यायला हव्यात. आधी दोन्हीकडे ३ ठेवले होते. लाइन लुकलुकायला लागली आणि राउटर दिवसभर कबड्डी खेळत बसला.

रात्रपाळी:
केलं. आता तपासू कसं? ओएनटीची फायबर काढू?

जुनी_तार:
नको, टोकाला धूळ बसली की नवीन दुखणं. राउटर आणि ओएनटीच्या मध्ये एक साधा स्विच लावा आणि ओएनटीकडची केबल काढा. राउटरच्या बाजूचा दिवा हिरवाच राहील. खऱ्या बिघाडाची हुबेहूब नक्कल.

दुपारचा_चहा:
मधेच एक. ओएनटी आणि ४जी मोडेम, दोन्ही डब्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ नाही ना? राउटर गोंधळतो. एकाचा बदला. आणि क्लाउड बॅकअपला ४जी बंद ठेवा. माझा महिन्याचा डेटा एका रात्रीत फस्त झाला होता.

रात्रपाळी:
स्विच लावून पाहिलं, १७ सेकंदांत ४जी. ब्राउझर मजेत, पण ऑफिसचा व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) तुटला. पुन्हा जोडावा लागला.

जुनी_तार:
तो तुटणारच. लाइन बदलली की बाहेरून दिसणारा आयपी बदलतो, आणि टीसीपीचं (इंटरनेटवर जोडणी करायची एक पद्धत) चालू कनेक्शन जुन्या आयपीला बांधलेलं असतं. व्हीपीएनमध्ये आपोआप पुन्हा जोडण्याची खूण करून ठेवा. इंटरनेटवरचा फोन वापरत असाल तर लाइन बदलल्यावर एक कॉल करून बघा. राउटरमधल्या जुन्या कनेक्शनच्या नोंदी पुसल्या गेल्या नाहीत तर फोन मेलेल्या लाइनलाच चिकटून बसतो. आणि स्विच काढून टाका बरं, उगाच एक अडॅप्टर वाढला.