११ एकर जमीन आमच्या पश्चातही शेती आणि रान म्हणूनच राहावी यासाठी कोणता दस्त करावा? (नागपूर)

नमस्कार.

कुही तालुक्यात, नागपूरहून उमरेड मार्गाने जाताना आत वळल्यावर, आमची वडिलोपार्जित ११ एकर जमीन आहे. त्यातील ७ एकर वाहितीत असून तिथे धान, तूर आणि थोडी मिरची होते. उरलेली ४ एकर बरड आहे. तिच्या खालच्या अंगाने नाला वाहतो, काठाला मोहाची ९ जुनी झाडे आहेत, वर पळस, बोर आणि चारोळी आहे. उन्हाळ्यात टिटवी तिथे उघड्या खड्यांवर अंडी घालते, तेव्हा वडील त्या जागेभोवती चार दगड मांडून ठेवतात, म्हणजे गुराख्याचा पाय पडत नाही. वडील आता ८२ वर्षांचे आहेत. ही जमीन आम्ही विकायची नाही आणि आमच्यानंतरही तिथे लेआउट पडू नये, यावर त्यांचे आणि आम्हा तिन्ही भावंडांचे एकमत आहे.

घाई करण्याचे कारण शेजारीच घडले. आमच्या धुऱ्याला लागून असलेले वावर विकले गेले, त्यावर मुरुमाचे रस्ते आले आणि क्रमांक रंगवलेले सिमेंटचे खांब उभे राहिले. ते करताना नाल्याचे तोंड अर्धे बुजवले गेले. परिणामी गेल्या जुलैत पाणी आमच्या बांध्यांत तुंबले आणि रोवणी दुसऱ्यांदा करावी लागली. ज्यांनी विकले त्यांना मी दोष देत नाही. मुलीचे लग्न आणि कर्ज एकदम समोर आल्यावर माणूस काय करणार? परंतु आमच्या कुटुंबावर पुढे तशी वेळ आली तरी जमिनीचा उपयोग बदलू नये, अशी तजवीज आजच व्हावी, असे आम्हाला वाटते.

संस्थेला दान करा, असा सल्ला सर्वांत आधी मिळाला. वडिलांच्या एका स्नेह्यांनी तसे केले होते. काही वर्षांनी संस्थेचे विश्वस्त बदलले, संस्थेला पैशांची निकड भासली आणि ती जमीन रीतसर परवानगी घेऊन विकली गेली. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मालमत्ता विकण्यास धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, पण ती मंजुरी मिळू शकते, म्हणजे हा अडसर आहे, बंदी नव्हे. शिवाय विदर्भाला लागू असलेल्या १९५८ च्या कुळवहिवाट अधिनियमाच्या कलम ८९ मुळे शेतकरी नसलेल्याच्या नावे शेतजमिनीचे दानपत्रही परवानगीशिवाय करता येत नाही.

अमेरिकेत प्रादेशिक भूमी न्यास (जमिनी राखण्यासाठी स्थापन झालेल्या संस्था) हे काम ज्या पद्धतीने करतात, ती मला फार पटली. तिथे मालकी शेतकऱ्याकडेच राहते. तो जमीन कसतो, विकू शकतो, मुलांना देऊ शकतो. मात्र तिच्यावर बांधकाम करण्याचा किंवा तिचे तुकडे पाडण्याचा हक्क तो नोंदणीकृत दस्ताने कायमचा सोडतो आणि ते बंधन पुढील प्रत्येक मालकाला लागू राहते. न्यासाची माणसे दरवर्षी जमीन पाहून जातात आणि अट मोडली गेल्यास न्यायालयात जातात. १९८१ मध्ये त्यासाठी एक नमुना कायदा तयार झाला आणि पुढे अनेक राज्यांनी त्या धर्तीवर कायदे केले.

आपल्याकडे अडचण अशी की, सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीवरील मर्यादित हक्क, ईझमेंट) अधिनियम, १८८२ च्या कलम ४ प्रमाणे असा हक्क एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर असावा लागतो. ज्या संस्थेची शेजारी तसूभरही जमीन नाही, तिच्या नावे तो निर्माण होत नाही. यावरून मला एक मार्ग सुचला आहे आणि माझा मुख्य प्रश्न त्याविषयीच आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ११ हस्तांतरित जमिनीच्या उपभोगावरील अटी सामान्यतः निष्फळ ठरवते, पण हस्तांतर करणाऱ्याच्या स्वतःच्या लगतच्या जमिनीच्या लाभासाठी घातलेल्या अटीला तिथे अपवाद आहे. कलम ४० नुसार अशी अट, तिची माहिती असलेल्या पुढील खरेदीदारावरही बजावता येते. तेव्हा नाल्याकाठचा १ एकर वेगळा ठेवून, बाकी १० एकरांवर ‘अकृषिक वापर नाही, नाला बुजवणे नाही’ अशी अट त्या एकराच्या पाण्याच्या आणि झाडांच्या रक्षणासाठी घातली, तर ती टिकेल काय? असा दस्त कोणी नोंदवला आहे काय, आणि सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात तलाठ्याने त्याची नोंद घेतली काय? नोंद महत्त्वाची आहे, कारण पुढचा खरेदीदार ‘मला माहीत नव्हते’ असे म्हणू शकणार नाही.

दुसरा मार्ग वन्यजीव (संरक्षण) अधिनियमातील सामुदायिक राखीव क्षेत्राचा आहे. २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३६ सी नुसार एखाद्या व्यक्तीला स्वेच्छेने पुढे येऊन आपली खासगी जमीनही त्यासाठी देता येते आणि अधिसूचनेनंतर व्यवस्थापन समितीचा ठराव व शासनाची मान्यता यांशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आमच्या भागातच असल्याने रोही आणि रानडुकरे नेहमीची आहेत. फक्त ४ एकर बरडासाठी असा प्रस्ताव विदर्भात कोणी दिला आहे काय? शेजारच्या ७ एकरांतील रोजच्या शेतीला त्याचा अडथळा होतो काय? महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचे कार्यालय नागपुरातच आहे, तिथे मी जाणारच आहे; परंतु आधी अनुभव ऐकावा, असे वाटते.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने १९६४ च्या ग्रामदान अधिनियमाचा आधार घेऊन आपली जमीन ग्रामसभेकडे देण्याचा मार्ग निवडला, त्याबद्दल मला अतिशय आदर आहे. मात्र तिथे सारे गाव एकत्र होते. आमच्या गावातील बऱ्याच जमिनी आधीच बाहेरच्यांच्या नावे झाल्या आहेत, त्यामुळे तो मार्ग आम्हाला सध्या खुला दिसत नाही.

नागपुरात असा दस्त तयार करू शकतील असे वकील कोणाला माहीत असल्यास त्यांच्याविषयी मला व्यक्तिगत निरोपाने कळवावे.

भर, दुसऱ्या दिवशी: एका सदस्यांनी बरडाला कुंपण घालणार का, असे विचारले आहे. नाही. मार्च-एप्रिलमध्ये गावातील पाच-सहा बाया उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन मोह वेचायला येतात, त्याआधी वडील झाडाखालचा पाला झाडून ठेवतात. हा निस्तार, म्हणजे गावकऱ्यांचा वहिवाटीचा वापर, आजोबांच्या काळापासून चालत आला आहे. जो दस्त होईल त्यात त्या बायांचा हा हक्कही लिहिला जावा, अशी वडिलांची अट आहे. ते कोणत्या शब्दांत लिहावे, हेही कृपया सांगावे.