पॅकिंग कोरडंच आहे, गळतात ते आटे

जुन्या टोयोटा हायलक्सच्या डिफमधून (चाकांना ताकद वाटणारा गिअरचा संच) तीनदा पॅकिंग बदलूनही तेल गळतंय, आणि त्यावर मिळणारा सल्ला काय, तर नट अजून आवळा. तेवढं करू नका. जुन्या सॉलिड अॅक्सलच्या (दोन्ही चाकांमध्ये एकच अखंड धुरी) हायलक्समध्ये स्टडची (डिफ धरून ठेवणारे, डोकं नसलेले बोल्ट) भोकं हाउसिंगमध्ये, म्हणजे धुरीच्या कवचात, आरपार असतात, म्हणजे स्टडचं आतलं टोक थेट तेलात. तेल आट्यांतून सरकत नटापर्यंत येतं. जास्त आवळलं की हाउसिंगचे पातळ आटे स्टडबरोबर उपटून येतात, मग बसा हेलिकॉइल (आटे दुरुस्त करायची तारेची गुंडाळी) घालत. आधी खात्री करा: ब्रेक क्लीनरने पुसा, टाल्कम पावडर मारा, १०-१५ किमी फिरवा. ओल नटाच्या मधोमध दिसली तर स्टड, जोडाच्या रेषेवर दिसली तर पॅकिंग.

पुढचा डिफ काढायचा तर दोन्ही नकल (पुढची चाकं वळवणारे सांधे) उघडावे लागतात, म्हणून तिथे डिफ न काढता, तेल काढून एकेक स्टड जागेवरच सील करा. दोन नट एकमेकांवर लॉक करून स्टड बाहेर, आटे ब्रेक क्लीनरने धुवायचे, भोकही, पूर्ण सुकू द्यायचं. हाच टप्पा सगळे घाईत उरकतात. मग लॉकटाइट ५७७ सारखा आट्यांचा सीलंट लावून स्टड परत, नटाखाली नवा तांब्याचा वॉशर. एम ८ नटाला २५ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरे. रात्रभर ठेवून मगच तेल भरा. आणि ब्रीदर (डिफमधला दाब बाहेर सोडणारं तोंड) चिखलाने बुजलेला असेल तर तो आधी साफ करा. तापलेल्या डिफमधला दाब कुठून तरी वाट काढणारच.