मदत हवी आहे: 'पावली कमी' कुठून आलं? (अर्जंट)

उंटावरचा
मंडळी, 'पावली कमी' हे कुठून आलं कुणी सांगेल का. अर्थ माहितीये, कृपया अर्थ सांगत बसू नका. ग्रुपवर एकजण ठासून सांगतोय की पावली म्हणजे पाऊल, वारीत पावली खेळतात तीच, आणि ज्याचं पाऊल चुकतं तो अर्धवट. मला काही हे झेपलं नाही. रात्रीपर्यंत काम द्यायचंय, पटकन सांगा.

चहाटळ
कसलं काम? कोण कोणाला म्हणतंय? अख्खं वाक्य टाका की.

तिरपागडे
त्या ग्रुपवाल्याचीच पावली कमी दिसतेय 😄 पावली म्हणजे पाव रुपया, चार आणे. रुपयाचे सोळा आणे, म्हणून 'सोळा आणे खरं' म्हणजे पुरतं खरं, आणि ज्याच्या डोक्यात बाराच आणे भरलेत त्याची पावली कमी. आमचे आजोबा चवली, पावली, अधेली असंच मोजायचे, म्हणजे दोन, चार, आठ आणे. संपला विषय.

उंटावरचा
नाही संपला. मग 'चवली कमी' का नाही म्हणत? आणि आणे जाऊन जमाना झाला, पोरं अजून कशी बोलतात?

तिरपागडे
दोनच आणे कमी असले तर माणूस खपून जातो हो, ऑफिसात तर प्रमोशनपण मिळतं.

खडूस_काका
जोक नंतर करा, त्यांना उत्तर द्या. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी आण्याचे ४ पैसे, रुपयाचे ६४. नव्या हिशोबात एक आणा पडतो सव्वासहा पैशांना आणि दोन आणे साडेबाराला, याचं नाणं पाडणार कसं? चार आणे मात्र बरोब्बर २५ पैसे आणि आठ आणे ५०, त्यामुळे ती दोन नावं लोकांच्या तोंडात राहिली, बाकीची गेली. २५ पैशांचं नाणं तर थेट जून २०११ अखेरपर्यंत चलनात होतं.

वाचनमात्र
यावरून आठवलं, 'चारशेवीस'चं आता काय करायचं? भारतीय दंड संहितेतलं फसवणुकीचं कलम ४२०, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत ते ३१८ झालंय. तो एक नंबरचा तीनशेअठरा आहे असं म्हणायचं का आता?

तिरपागडे
कलम गेलं तरी शिवी जात नाही, पावलीसारखंच.

वाचनमात्र
आणि 'संक्रांत कोसळली' हे पानिपतावरून आलंय, १४ जानेवारी १७६१.

खडूस_काका
साफ चूक. संक्रांतीची तारीख साधारण ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकते, १७६१ मध्ये ती १० जानेवारीच्या आसपास होती. लढाई त्यानंतर झाली. फॉरवर्ड वाचून इथे लिहू नका.

वाचनमात्र
माहिती दिली तर एवढं चिडायला काय झालं.

चहाटळ
अहो धागाकर्ते, काम कसलं ते अजून सांगितलं नाहीत.

उंटावरचा
सांगितलं नाही का? नाटकाच्या व्हिडिओला हिंदी सबटायटल करतोय. सासू जावयाबद्दल म्हणते, 'याची पावली कमीच आहे.' आधीच्या माणसाने 'चवन्नी कम' लिहून ठेवलंय. चवन्नी म्हणजे आपली चवली ना, दोन आणे, म्हणजे ते चुकलंय. म्हणून तर विचारत होतो.

चहाटळ
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतं तर!! हिंदीतली चवन्नी म्हणजे चार आणे. आपली चवली दोन आण्यांची. शब्द सारखे वाटतात पण दाम दुप्पट. आधीच्याने बरोबर लिहिलंय, हात लावू नका.

उंटावरचा
बापरे, मी खोडलं पण होतं. परत टाकतो. थँक्स. लगेच पुढच्या वाक्यात सासूबाई 'आयचा घो' म्हणतात, ते कुठून आलं?

खडूस_काका
घो किंवा घोव म्हणजे मालवणी-कोकणीत नवरा. आयचा घो म्हणजे आईचा नवरा.

उंटावरचा
म्हणजे बाप? मग यात शिवी कुठेय?

तिरपागडे
टोनमध्ये. सबटायटलमध्ये टोन कसा घालायचा यासाठी वेगळा धागा काढा.