बंब पुन्हा पेटवायचा आहे: न्हाणीघरात ठेवावा की अंगणात?

प्रश्न (सहकारनगर, पुणे)

आमच्या बैठ्या बंगल्यात माळ्यावर सासूबाईंचा तांब्याचा बंब (मधल्या नळकांड्यात जळण घालून पाणी तापवण्याचे भांडे) आहे. मुलगी बाळंतपणासाठी माहेरी येत असून, अंघोळीचे पाणी बंबातच तापवावे आणि त्यातलेच निखारे शेगडीत घेऊन बाळ-बाळंतिणीला खोलीत शेक द्यावा, असा सासूबाईंचा आग्रह आहे. वाड्यात बंब न्हाणीघरातच असे आणि कोणाला कधी काही झाले नाही, असे त्या सांगतात. आमच्या आताच्या न्हाणीघराला एक सरकती काचेची खिडकी आहे आणि एक्झॉस्ट पंखा बंद पडलेला आहे. मागे फरसबंद अंगण आहे. बंब कोठे ठेवावा, धुराडे लागेल काय आणि जळण कोणते वापरावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १

बंब अंगणातच ठेवावा आणि गरम पाणी बादलीने आत न्यावे. सासूबाईंचा अनुभव खोटा नाही. परंतु वाड्यातल्या न्हाणीघरावर कौले असत, दाराखाली चांगली फट असे आणि पुष्कळदा भिंत छपरापर्यंत पोहोचतच नसे, त्यामुळे कोणी मुद्दाम सोय न करताही हवा खेळती राहत असे. स्लॅबच्या, चहूबाजूंनी टाइल्स लावलेल्या खोलीत तसे होत नाही. तेथे लाकूड जळू लागले की प्राणवायू कमी पडतो, ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड साचू लागतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे ही त्याची पहिली लक्षणे पित्तासारखी वाटत असल्यामुळे माणूस उठून बाहेर जाण्याऐवजी तेथेच आडवा होतो.

म्हणूनच मला बंबापेक्षा शेगडीची धास्ती अधिक वाटते. धूर निघून गेला म्हणजे धोका संपला, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात लाल निखाऱ्यांतून धूर जवळजवळ येत नाही, पण हा वायू सतत येत राहतो. थंडी लागू नये म्हणून दारे-खिडक्या लावून घेतलेल्या बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्यांची शेगडी कोणत्याही परिस्थितीत ठेवू नये. खिडकी किलकिली केली तरी भागत नाही.

अंगणात बंबाखाली विटांचा ओटा करावा, कारण थेट आचेने शहाबादी फरशी तडकते. लाकडी दार, वाळत घातलेले कपडे, विजेच्या तारा आणि गॅसचे सिलिंडर यांपासून किमान तीन फूट अंतर असावे. उघड्यावर बंबाचे स्वतःचे नळकांडे पुरते. वर पत्र्याची शेड असेल तरच नळी छपराच्या वर काढावी. ती शक्यतो सरळ उभी असावी, कारण प्रत्येक वळणावर काजळी धरते आणि साचलेली काजळी पुढे पेट घेऊ शकते.

उत्तर २ (कसबा पेठ)

पेटवण्यापूर्वी बंब तांबट आळीत, तांब्याची भांडी घडवणाऱ्यांना दाखवून आणावा. बरीच वर्षे माळ्यावर पडलेल्या बंबाचे सांधे सुटलेले असतात आणि तोटीही गळते. बंब आधी पाण्याने भरावा, मगच विस्तव घालावा. रिकामा तापला तर सांधे जोडणारा डाख वितळतो आणि बंब कायमचा गळू लागतो. पाणी काढाल तेवढे गार पाणी वरून घालत राहावे. झाकण नुसते ठेवावे, त्यावर वजन ठेवू नये किंवा ते घट्ट बसवू नये, नाहीतर आत वाफ कोंडते.

जळण म्हणून वाळलेली बाभूळ उत्तम. वखारीत बंबफोड मागितली तर जुने लोक लगेच ओळखतात, नव्या मुलांना मात्र वीतभर लांबीच्या ढलप्या हव्यात असे सांगावे लागते. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून पाहाव्यात. खणखणीत वाजल्या तर वाळलेल्या, बद्द आवाज आला तर ओल्या. ओल्या लाकडाची बरीच आच त्यातले पाणी उडवण्यातच जाते आणि डोळ्यांतून पाणी येते ते वेगळेच. प्लायवूड, रंगवलेल्या चौकटी आणि प्लास्टिक बंबात घालू नये, त्यांचा धूर विषारी असतो. विझत आलेल्या विस्तवावर रॉकेल तर कधीच ओतू नये.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. बंब अंगणात, हे नक्की केले आहे. शेगडीवाचून शेक कसा द्यावा, असे सासूबाई विचारतात. शिवाय शेजारच्या इमारतीच्या खिडक्या आमच्या अंगणावरच उघडतात, त्याचे काय करावे?

उत्तर ३ (निवृत्त परिचारिका)

शेक म्हणजे ऊब, आणि ती गरम पाण्याच्या पिशवीने मिळते. पिशवी फडक्यात गुंडाळून बाळंतिणीने घ्यावी. बाळाला शेक किंवा धुरी देऊ नये, लहान फुप्फुसांना धूर सोसत नाही. त्याला अंगावर घेऊन पांघरावे, एवढे पुरे. बादलीत नेहमी गार पाणी आधी आणि बंबातले नंतर घालावे, आणि बाळाच्या अंगावर घेण्यापूर्वी कोपर बुडवून पाहावे. बंबातले पाणी साठ अंशांच्या वर सहज जाते आणि तेवढ्या पाण्याने मोठ्या माणसाची त्वचाही काही सेकंदांत भाजते. भाजलेच, तर त्या जागी वीस मिनिटे नळाचे पाणी सोडावे. हळद किंवा टूथपेस्ट लावू नये. बंबाजवळ वावरताना पदर खोचलेला असावा आणि नायलॉनचा गाऊन नसावा.

शेजाऱ्यांविषयी: पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूर वर चढत नाही. ऊन वर आल्यावर, साधारण नऊनंतर पेटवल्यास त्रास पुष्कळ कमी होईल. बाळाच्या अंघोळीलाही तीच वेळ बरी. तरीही शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवावे आणि कोणाला दमा असल्यास सरळ गीझर वापरावा. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घराबाहेर ठेवावी आणि दोन-तीन दिवसांनी हात लावून पूर्ण गार झाल्याची खात्री केल्यावरच कचऱ्यात टाकावी, कारण राखेखाली निखारा दुसऱ्या दिवशीही धगधगत असतो.